पटावर हजर

धुरपदा कोळपे ही बाई मला कधीच आवडली नाही, आणि मी तिला आवडावं असं मीही कधी काही केलं नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलो म्हणजे माझा राग गेला असं कुणी समजू नये. राग आहे. पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, सकाळी पेपर वाचून होतो, चहा होतो, आणि डोक्यात पुन्हा तीच बाई येऊन बसते. एकदाचं लिहून टाकलेलं बरं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होतो. न्हावऱ्याच्या अलीकडं एका वस्तीवर आमची सातवीपर्यंतची शाळा होती. वस्तीचं नाव लिहीत नाही, उगाच तिथल्या आताच्या मास्तरांना त्रास. चार खोल्या, चार शिक्षक. मी मुख्याध्यापक, आणि चौथी शिक्षिका माझी बायको. नवरा-बायकोला एकच शाळा मिळणं म्हणजे आमच्या खात्यात लॉटरी. त्यासाठी मी किती टेबलांपुढं उभा राहिलो होतो ते माझं मला माहीत.

वस्ती धनगरांची. आधीच्या पिढीनं मेंढरांमागं मुलूख पालथा घातलेला, आता ऊस, कांदा आणि संकरित गाई. म्हाळू कोळपे रांजणगावला कंपनीत जायचा, आठवड्याला पाळी बदलायची, त्यामुळं घरचं सगळं त्याच्या बायकोच्या म्हणजे धुरपदाच्या हातात होतं. माहेर इनामगावचं. नववीपर्यंत शिकलेली, दहावीच्या तोंडावर लग्न झालेलं. अंगानं काटक, आवाजानं भांडखोर. डेअरीवर दुधाला फॅट कमी लागलं की ती माणसाला पुन्हा मोजायला लावायची, पुन्हा कमी लागलं तर तिसऱ्यांदा. मागं रांगेतल्या बाया ताटकळायच्या. "तुमचं यंत्र खोटं बोलतंय, माझी गाय न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. अशा बाईची एकुलती एक पोर, मोनिका, माझ्या शाळेत होती.

मोनिकाला फिट यायच्या. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी. २००१ सालची गोष्ट, पोर पाचवीत. ऑगस्टचा महिना होता, मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होतो, आणि मागं धप्पकन आवाज झाला. वळून बघतो तर पोर दोन बाकांच्या मध्ये पडलेली, हातपाय ताठ, डोळे फिरलेले. चाळीस पोरं भोवती गोळा झाली.

आमच्याकडं फिट आली की चप्पल हुंगवतात. माझ्या आजीनं माझ्या चुलत्याला हुंगवलेली मी बघितलीय. कुणी कांदा फोडून लावतं, कुणी चप्पल. त्या वेळी कांदा कुठून आणणार? मी पायातली चप्पल काढली आणि पोरीच्या नाकाला दाबून धरली. पावसाळ्याचे दिवस, मी चिखल-शेणातून आलेलो. ती शुद्धीवर आली तेव्हा तिच्या ओठांना माझ्या चपलेची माती लागलेली होती. पोरं हसली. मी त्यांना गप्प केलं नाही, कारण मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. दुपारपर्यंत पोरांनी तिचं नाव 'चप्पल' पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुरपदा आली. ऑफिसात आली नाही, सरळ वर्गाच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, जून म्हयन्यात मी तुमाला एक चिट्टी दिलती. वाचली का?"

चिठ्ठी टेबलाच्या खणात होती. वाचली नव्हती. पालकांच्या चिठ्ठ्यांत असतं काय? आज येणार नाही, उद्या लग्नाला जाणार आहे.

"दौंडच्या डॉक्टरांनी त्यात लिवलं हुतं," ती म्हणाली, "फिट आली की कुशीवर निजवायची, डोक्याखाली काय तरी मऊ द्यायचं, आन् नाकातोंडाला काय लावायचं न्हाई. तुमी चप्पल लावली."

"अहो बाई, हे आजचं नाही, पूर्वीपासून चालत आलंय—"

"मग तुमची चप्पल तुमच्या पोरांच्या नाकाला लावा."

चाळीस पोरांसमोर मला हे बोलली. पोरीचं दप्तर उचललं, पोरीचा दंड धरला आणि निघाली. मला गुरुजी न म्हणता मास्तर म्हणणारी त्या वस्तीवर ती एकटीच होती, आणि त्या दिवसापासून ती तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारायची.

मला वाटलं, येईल चार दिवसांत, जातेय कुठं. म्हणून चार दिवस मी मोनिकाच्या नावापुढं हजेरी मांडली. ती आली नाही. मग मी पट मोजला. पट एकनं घसरला असता तर आमच्या शाळेचं चौथं पद अतिरिक्त ठरलं असतं, आणि चौथं पद म्हणजे आमची ही. तिची बदली वेल्ह्याच्या डोंगरात. दोन लेकरं घेऊन तिनं तिकडं राहायचं आणि मी इकडं हातानं भाकरी थापायच्या. मी पाचव्या दिवशीही हजेरी मांडली, आणि मग मांडतच राहिलो.

बायकोला कळायला वेळ लागला नाही. "कोळप्यांची पोर येत नाही आणि तुम्ही तिला हजर कशाला मांडता?" तिनं विचारलं.

"तुला वेल्ह्याला जायचंय का?"

पुढच्या वर्षी सहावीचा वर्ग तिच्याकडं आला, तेव्हा तिनंही मला न विचारता मोनिकाला रोज हजर मांडली. तपासणीला साहेब आले की आम्ही सांगायचो, पोर आजारी असते, आज दौंडला दवाखान्यात गेलीय. साहेबही चहा घेऊन जायचे. अशी आमच्या कागदावर मोनिका पाचवी पास झाली, सहावी पास झाली, सातवी पास झाली. मराठीत सत्तावन्न, गणितात एकोणपन्नास असे बेताबेताचे गुण मी तिला द्यायचो. रोज सकाळी त्या पोरीच्या नावापुढं हजर लिहायचं आणि मनात तिच्या आईचा उद्धार करायचा, असा माझा दिवस सुरू व्हायचा. आपण खोटं लिहितो म्हणून माणसाला राग स्वतःचा येत नाही, ज्याच्यामुळं लिहावं लागतं त्याचा येतो.

एकदा मी तिच्या घरी गेलो होतो. समजवायला गेलो असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, पण गेलो होतो धमकावायला. गोठ्याच्या पत्र्यावर खडूनं गुणाकार मांडलेले. पोर खाली पोत्यावर बसून वहीत उतरवत होती आणि धुरपदा गाईंना कुट्टी टाकता टाकता ओरडत होती, "हातचा कुठं गेला? हातचा ग्येला कुठं?" सासरा गेणबा बाजेवर बसून हे सगळं ऐकत होता. मला बघून म्हणाला, "या गुरुजी, बसा. हितं शाळा भरलीय."

मी म्हणालो, "बाई, घरी शिकवणं म्हणजे घरी ठेवणं. पोरीचं वाटोळं करताय तुम्ही."

"मग ठिवते घरी," ती म्हणाली. "तुमच्या शाळेत चाळीस पोरं. तुमी फळ्याकडं तोंड करून लिवता. माझी पोर पडायच्या आधी दोन मिनिटं अंगठा बोटावर घासती. डावा. मला दिसतं. मी पुस्तक बंद करती, तिला निजवती. तुमाला दिसलं का कवा?"

"मी काय पोरांचे अंगठे बघत बसू?"

"तेच म्हंते मी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून मी उठून आलो. तिनं चहाही विचारला नाही.

सगळ्यात मोठा अपमान तिनं एसटीत केला. दर दुसऱ्या गुरुवारी ती पोरीला घेऊन दौंडला डॉक्टरकडं जायची. मोनिका पाचवीच्या, सहावीच्या पुस्तकांपलीकडं जाऊ लागली, तसं धुरपदाला स्वतःलाच गणित येईना. मग तिनं रीत काढली. एसटीत चढली की खिशाला पेन असलेला माणूस शोधायचा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. कुणी रेल्वेत कारकून, कुणी कॉलेजचा विद्यार्थी, कुणी बँकेतला. त्याच्यापुढं पुस्तक उघडायचं आणि म्हणायचं, "दादा, येवढं एक सांगा." दौंडचा पूल येईपर्यंत ती माणसाला सोडायची नाही. मागं दप्तर घेऊन पोरगी ऐकत बसलेली.

त्या दिवशी मी दौंडला लग्नाला निघालो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शेजारची जागा रिकामी. धुरपदा चढली, तिनं माझ्याकडं बघितलं, पेनांकडं बघितलं, आणि पुढं जाऊन कंडक्टरच्या शेजारी बसली. चक्रवाढ व्याजाचं गणित होतं. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता ते गणित चुकीचं सांगत होता, आणि अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलेला मी मागच्या सीटवर बसून ते चुकीचं गणित ऐकत होतो. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, तसं झालं. तरी मी तोंड उघडलं नाही. चुकू दे म्हटलं. पोरीला चुकीचं शिकवू दे.

मग २००५ साली, दिवाळीच्या सुट्टीत, धुरपदाचा भाऊ पप्पू शिरूरहून आला. पप्पूचं शिरूरला इंटरनेट कॅफे होतं. चार कॉम्प्युटर आणि फिरता पंखा. तो आधी माझ्याकडं आला. म्हणाला, "गुरुजी, पुण्यात एकानं इंटरनेटवरची शाळा काढलीय. धडे सीडीवर येतात, आन् दर शनिवारी बाई कॉम्प्युटरवर शिकवतात, प्रश्न विचारले की उत्तर देतात. आठवी, नववी, दहावी, सगळं. मी अक्काच्या घरी एक जुना कॉम्प्युटर बसवून देतो. पर ती ऐकायची न्हाई. तुमी चला बरोबर."

मला पप्पूचं म्हणणं शंभर टक्के पटलं. खरं तर त्या वेळी धुरपदाच्या विरुद्ध कुणीही काहीही बोललं असतं तरी मला पटलंच असतं. मी गेलो. पप्पू बोलला, मी मान हलवली.

धुरपदा म्हणाली, "येवढं चांगलं हाय, तर मास्तर का आलेत संगं?"

"अक्के, तू नववी शिकलेली," पप्पू म्हणाला. "तू तिला दहावीची भूमिती शिकवणार हायेस का? एसटीतल्या लोकांना इचारून? जरा तरी लाज धर. लोकं हसत्यात मला शिरूरला."

"तुला हसत्यात म्हणून माझ्या पोरीनं डब्यापुढं बसायचं व्हय?"

पण पोरगी मध्ये बोलली. "आई, मला बघायचंय." इतकंच बोलली. आणि कॉम्प्युटर बसला.

पंधरा-वीस दिवस चांगलं चाललं. वीज बारा-बारा तास जायची, पण असायची तेव्हा पोर त्याच्यापुढं असायची. तिला ते आवडलं. भूमितीची बाई पडद्यावर छान समजावून सांगायची, आईसारखी ओरडायची नाही. मग एका सकाळी धुरपदा गाईची धार काढत होती आणि पोर खोलीत एकटी. पडदा लुकलुकत होता. दौंडच्या डॉक्टरांनी पुढं सांगितलं की काहींना त्या लुकलुकण्यानंही फिट येते, लांबून बघावं, थोडं बघावं. धुरपदा बादली घेऊन आत आली तेव्हा पोर फरशीवर होती, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून रक्त आलेलं, आणि सीडीतली बाई गोड आवाजात विचारत होती, समजलं का? आता आपण पुढचं प्रमेय बघू.

त्याच दिवशी दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मधोमध, गोधडीत गुंडाळून तिनं कॉम्प्युटर शिरूरला परत पाठवला. पप्पू चिडला. फोनवर तिला अडाणी म्हणाला, पोरीचा गळा कापलास म्हणाला. तिनंही त्याला काय म्हणायचं ते म्हटलं. बहीणभावांचं बोलणं बंद झालं. पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं. "तुला येत न्हाई आन् ज्याला येतं ते तू ठिवत न्हाई," असं ती आईला म्हणाली, हे मला गेणबानं सांगितलं. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

मला वाटलं, संपलं. आता एक तर पोर माझ्याकडं येईल, नाही तर घरात बसेल. पण मी त्या बाईला ओळखत नव्हतो. पुढच्या शनिवारी ती शिरूरला गेली, एकटी. भावाच्या कॅफेत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. पप्पू तिच्याशी बोलला नाही, पण उठून त्यानं मशीन सुरू करून दिलं. ती दोन तास पडद्यापुढं बसली, वहीत प्रमेयं उतरवून घेतली, बाईला अडलेलं विचारलं आणि घरी येऊन गोठ्याच्या पत्र्यावर पोरीला शिकवलं. पडद्यावरची शाळा आईनं केली आणि घरची शाळा पोरीनं. हे दर शनिवारी, वर्षभर चाललं. वर्षभर भाऊ तिच्याशी एक शब्द बोलला नाही आणि एकाही शनिवारी त्यानं ती खुर्ची दुसऱ्याला दिली नाही. पप्पूच्या कॅफेत जाणारी आमच्या शाळेची जुनी मुलं मला येऊन हे सांगायची आणि हसायची. मीही हसायचो.

२००६ सालचा सप्टेंबर. धुरपदा शाळेत आली, या वेळी ऑफिसात आली. बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दाखला माझ्या कपाटात होता. मी तो आणि सातवीचं गुणपत्रक काढून तिच्यापुढं ठेवलं. मनात म्हटलं, वाच आता.

तिनं उभ्यानंच वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं.

"हे कुनाचं हाय?"

"तुमच्या मुलीचं."

"सातवी पास. वर्तणूक चांगली. हजर दिवस दोनशे चोवीस, शाळेचे दिवस दोनशे चोवीस." तिनं मान वर केली. "मास्तर, मी तिला दौंडला न्यायची त्या बेस्तरवारीबी ती हितं हजर?"

मी कपाटाचं दार लावलं.

"आन् गणितात एकोणपन्नास? ह्यो आकडा कुठनं काढला? माझी पोर चक्रवाढ व्याज तोंडी करती. एकोणपन्नास?"

खोट्या हजेरीपेक्षा खोट्या गुणांचा राग तिला जास्त आला होता. तिथंच ती उभी राहिली. "खरं लिवून द्या. ती पाचवीत दोन म्हयने हुती. पुढचं मी शिकवलंय. तसं लिवा."

"तसं लिहिता येत नाही."

"मग मी शिरूरला साहेबांकडं जाते."

दगडाखाली हात सापडला होता. ती शिरूरला गेली असती तर माझी नोकरी गेली असती, बायकोचीही. पण माझ्याकडं हुकमाचा एक पत्ता होता, आणि तो मी टाकला. "जा. खुशाल जा. पण आधी फॉर्म जिथं भरायचाय त्या केंद्रावर विचार. निदान पाचवी पास असल्याशिवाय फॉर्म घेत नाहीत. मी खरं लिहिलं तर तुझी पोर चौथी पास. बसव मग तिला दहावीला." रागाच्या भरात मी तिला अगं-तुगं करत होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ती गेली. दोन दिवस आली नाही. त्या दोन दिवसांत मी आणि आमची ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी, फॉर्मची शेवटची तारीख होती, धुरपदा सकाळीच शाळेच्या पायरीवर बसलेली दिसली. केंद्रावर तिला तेच सांगितलं होतं. खरं लिहून घेतलं असतं तर पोर बसली नसती. पोरीला बसवायचं तर माझं खोटं घ्यावं लागणार होतं.

"द्या," ती म्हणाली.

मी दाखला दिला. सही-शिक्का आधीच मारून ठेवला होता. ती घडी करून पिशवीत ठेवता ठेवता म्हणाली, "माझ्या ताटातलं तुमी जेवला मास्तर. आन् वर मलाच ढेकर द्यायला लावताय."

"माझ्या खोट्यावरच तुझी पोर परीक्षेला बसतेय, हे विसरू नकोस," मी म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. तिनं मागं वळून बघितलं नाही. न्हावऱ्याच्या फाट्यावर तिला शिरूरची गाडी पकडायची होती.

२००७ च्या जूनमध्ये निकाल लागला. मोनिकाला चौऱ्याहत्तर टक्के. गणितात दीडशेपैकी एकशे एकतीस. आमच्या शाळेतून सातवी होऊन हायस्कूलला गेलेल्या एकाही पोराला इतके गुण नव्हते. निकालाच्या दिवशी पप्पू पेढे घेऊन वस्तीवर आला आणि बहिणीपुढं उभा राहून रडला असं ऐकलं. मी बघितलं नाही, मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं होतं.

इथं गप्प बसायला हवं होतं. पण त्या वर्षी आमच्या शाळेचा प्रस्ताव तालुक्याच्या आदर्श शाळेसाठी गेला होता आणि 'माजी विद्यार्थ्यांचे यश' असा एक रकाना भरायचा होता. गटशिक्षणाधिकारी साहेब स्वतः भेटीला येणार होते. मी रकान्यात मोनिकाचं नाव लिहिलं. कागदावर ती आमचीच होती. मग सत्कार ठेवणं आलंच. मला खात्री होती, धुरपदा येणार नाही, आणि न आलेलीच बरी. मी फक्त नाव पुकारणार, टाळ्या होणार, साहेब जाणार.

ती आली. पोरीला घेऊन आली. नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बायांमध्ये सतरंजीवर बसली. सगळी वस्ती आली होती. गेणबा आला होता, म्हाळू रजा टाकून आला होता. पोर कुठं शिकली हे त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गोठ्याचा पत्रा रस्त्यावरून दिसायचा. माहीत नव्हतं ते फक्त साहेबांना.

साहेबांनी मोनिकाला शाल दिली, नारळ दिला, आणि माझ्या दुर्दैवानं ते हौशी निघाले. "बाळ, दोन शब्द बोल. तुझ्या शाळेबद्दल, गुरुजींबद्दल बोल."

पोर माइकपुढं उभी राहिली. तिनं तोंड उघडलं असतं तर माझं जे व्हायचं ते झालं असतं. पण दाखला खोटा ठरला की तिची दहावीही गेली असती, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि तिच्या आईला माहीत होतं. मोनिकानं आईकडं बघितलं. धुरपदानं मान अगदी थोडी हलवली. नको, असं.

मोनिका म्हणाली, "मी पाचवी ते सातवी या शाळेत शिकले. तीन वर्षांत मी एकही दिवस गैरहजर नव्हते. ऊन असो, पाऊस असो, फिट येवो, मी रोज हजर होते. साहेबांनी पाहिजे तर गुरुजींच्या हजेरीपटात बघावं."

वस्तीतली शंभर-सव्वाशे माणसं माझ्याकडं बघत होती. मागच्या भिंतीला टेकून आमची ही उभी होती, तिनं खाली बघितलं. मग धुरपदानं टाळी वाजवली. एकटीनं. पोरगी सांभाळायची होती तिला. तिच्या मागून म्हाळूनं वाजवली, गेणबानं वाजवली, आणि मग सगळी वस्ती वाजवायला लागली. कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या पोरीसाठी ती सगळी माणसं माझ्या तोंडावर खोटं बोलत होती, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

"वा! एकही दिवस नाही!" साहेब खूश होऊन माझ्याकडं वळले. ते माझ्याकडं बघत होते म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.